शैलाला 'प्लीज' चालत नसे

शैलाच्या भावाचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं आणि ते उतू जाईल म्हणून मी त्याला म्हणाले, "थांब रे जरा." तो बिचारा थांबला. मी गॅस बंद केला, हात पुसले, फोन पुन्हा कानाला लावला, तेव्हा तो म्हणाला, "नंदाताई, आमची ताई गेली." सकाळी चहा घेऊन ती खुर्चीत बसली होती, डोकं फार दुखतंय असं तिने त्याला फोनवर सांगितलं, आणि घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं. जवळचं माणूस गेल्याचं कळल्यावर मनात पहिल्यांदा काय येतं, हे कोणी खरं सांगत नाही. मी सांगते. माझ्या मनात आलं, आता रविवारचं काय? त्या रविवारी शैला माझ्या मुलीची परीक्षा घेणार होती. रडू नंतर आलं, भरपूर आलं, पण आधी हे आलं. आज काही आठवडे उलटून गेल्यावर लिहायला बसले आहे तरी तो प्रश्न जागचा हललेला नाही, म्हणून सुरुवातही त्यानेच केली.

माझी मुलगी सायली विमानात काम करते. आमच्या पिढीच्या तोंडी 'एअर होस्टेस' हाच शब्द बसलेला, पण तो तिला चालत नाही. 'केबिन क्रू' म्हणायचं. आणि शैला अशा मुलींना शिकवायची. चहा-कॉफी कशी द्यायची ते नव्हे, ते शिकवणारे वेगळे असतात. विमानाला आग लागली, धूर भरला, विमान धावपट्टीवरून घसरलं, तर मिनिटा-दीड मिनिटात सगळ्यांना बाहेर कसं काढायचं, ते शैला शिकवायची. लोक तिला विचारायचे, "असं रोज थोडंच होतं?" ती म्हणायची, "नाही ना. म्हणून तर शिकवावं लागतं. रोज झालं असतं तर आपोआप आलं असतं."

आम्ही दोघी भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत वाढलो. तिचे वडील सांगोल्याकडून आलेले, एलबीएस रोडवरच्या रबराच्या कारखान्यात होते. माझे वडील मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन. तिचं घर वर, आमचं खाली, आणि टँकर यायचा तो त्याहून खाली, रस्त्यावर. टँकर आला हे वरच्या घरांना कळवायचं काम शैलाकडे होतं. ती वळणावर उभी राहून एकदाच ओरडायची आणि अख्ख्या डोंगरावरच्या बायका हंडे घेऊन निघायच्या. तिचा आवाज गोड नव्हता. खणखणीत होता, आणि त्यात विनंती अजिबात नव्हती. "पाणी आलंय, या," एवढंच. 'या' म्हणजे यायचंच. शाळेत बाई म्हणायच्या, जाधव, हळू बोल, मुलीची जात आहे. शैला मान डोलवायची आणि पुढचं वाक्य त्याच पट्टीत बोलायची.

मग नव्या खासगी विमान कंपन्या निघाल्या आणि उंच, सडपातळ, इंग्रजी बोलणाऱ्या मुली हव्यात अशा जाहिराती यायला लागल्या. शैला उंच होती, सडपातळ होती, इंग्रजी तिने हट्टाने कमावलं होतं. आमच्या वस्तीतून कोणी मुलगी विमानात जाईल यावर कोणाचा विश्वास बसला नव्हता. ती गेली. तिथे तिचा आवाज उतरवायला एक बाई नेमलेली होती. हसताना दात किती दिसले पाहिजेत, वाकताना मान कुठे हवी, 'सर' कुठे म्हणायचं, 'प्लीज' कुठे लावायचं, सगळं घोटून घेतलं. एकदा सुट्टीत घरी आल्यावर तिने आईलाच विचारलं, "मॅडम, टी ऑर कॉफी?" तिची आई म्हणाली, "आधी ती भांडी घास." आम्ही दोघी पोट धरून हसलो. शैलाला ती नोकरी आवडायची, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की तिला सगळ्याचाच राग होता. तसं नव्हतं. ढगांच्या वर गेल्यावरचं ऊन ती मला इतक्यांदा सांगायची की मी कंटाळायचे.

जे घडलं ते एका लहान गावाच्या विमानतळावर, भर दुपारी. विमान उतरलं, आणि थांबता थांबता मागच्या बाजूने धूर यायला लागला. शैला पुढच्या दाराशी होती, तिची एक मैत्रीण मागच्या. शैलाने दार उघडलं आणि भांडुपच्या वळणावर ओरडायची तशी ओरडली. "सामान छोड! इधर आ! कूद!" जो थबकला त्याला ढकललं, ज्याच्या हातात बॅग होती त्याची ओढून घेतली आणि बाजूला भिरकावली. पुढचा भाग बघता बघता रिकामा झाला. मागची मुलगी चांगली होती, हुशार होती, शिकवल्याप्रमाणे वागत होती. ती म्हणत होती, "सर प्लीज, बॅग राहू द्या, प्लीज." आणि सर लोक वरचे कप्पे उघडून बॅगा काढत होते. रांग तुंबली. सगळे बाहेर आले, पण शेवटी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ इतका धूर पिऊन आले की पुढे हॉस्पिटलातून घरी गेलेच नाहीत. त्यांच्या पुढे दोन माणसं बॅगा काढत होती, एवढंच शैला सांगायची.

याच्या पुढचं मात्र ती नेहमी सांगायची, कारण ते ऐकून लोक हसायचे. कंपनीकडे तक्रारी आल्या, त्या शैलाविरुद्ध. एअर होस्टेसने ढकललं. आमच्याशी तू-तुकारी केली. लॅपटॉप फेकला. कंपनीने तिच्याकडून लेखी खुलासा मागितला. मागच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीची तक्रार कोणी केली नाही, उलट एकाने कळवलं की अशा कठीण प्रसंगीसुद्धा तिने सभ्यपणा सोडला नाही. "तिचा सभ्यपणा गं, नंदे," शैला म्हणायची, "तिला आयुष्यभर पुरला. तिने नंतर नोकरीच सोडली." यावर कोणाला हसायचं सुचत नसे.

पुढे ती कंपनी एका सकाळी बंद पडली. या धंद्यात ते नवीन नाही, काल आकाशात असलेली विमानं आज कुठल्यातरी कोपऱ्यात धूळ खात उभी दिसतात. तोवर शैलाने उडणं सोडून शिकवणं धरलं होतं. मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला फरसाणाचं पॅकिंग, आणि मधल्या गाळ्यात अर्धं कापलेलं विमान. खरंच. खुर्च्यांच्या रांगा, वरचे सामानाचे कप्पे, एक अस्सल दार, आणि दारातून खाली गादीवर उतरणारी घसरगुंडी. शिकाऊ मुली दाराशी उभ्या राहायच्या आणि कंपनीतली ऑफिसची माणसं प्रवासी म्हणून बसायची. शैलाला ते पटेना. ती म्हणाली, ऑफिसची माणसं शहाण्यासारखी वागतात. त्यांना ठाऊक असतं की हा खेळ आहे आणि पलीकडे जेवण तयार आहे. म्हणून तिने एक पद्धत पाडली. भांडुपच्या आमच्या बायका ती बसमध्ये घालून मरोळला न्यायची. भाजीच्या पिशव्या, पर्सा, डबे, जे असेल ते घेऊन या म्हणायची. आणि एकच सूचना द्यायची, "काही झालं तरी पिशवी सोडायची नाही."

मी शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा. एका सुट्टीच्या दिवशी मीही गेले आणि सोबत आईला नेलं. आई जन्मात कधी विमानात बसली नव्हती. खिडकीशी बसून तिने पदर नीट केला, बाजाराची पिशवी मांडीवर घेतली. भोंगा वाजला, दिवे गेले, दाराशी उभी असलेली मुलगी ओरडायला लागली. सगळ्या बायका उठल्या. त्या मुलीने आईच्या पिशवीला हात घातला मात्र, आई कडाडली, "माझी पिशी कित्याक ओढतंस गो? जीव गेलो तरी सोडूचंय नाय." मुलगी घाबरून म्हणाली, "सॉरी आजी." खलास. शैलाने शिट्टी फुंकली आणि दिवे लावले. त्या मुलीला म्हणाली, "तुझ्या मागे अजून सगळं विमान उभं आहे आणि तू सॉरी म्हणत थांबलीस." मग आईपाशी जाऊन वाकली, "काकू, झकास केलंत. अशाच रहा." आई इतकी खूश झाली की घरी येईपर्यंत तोच विषय. शैलाचा मला हेवा वाटला त्या दिवशी. माझ्या वर्गात मुलांना शिकवायला माझ्याकडे नुसता खडू होता.

सायलीने बारावीनंतर हीच लाईन धरणार म्हटलं तेव्हा मी विरोध केला नाही, कारण शैलामावशी होती. लहानपणापासून तिच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर. एका कंपनीत निवड झाली, आणि नेमकी शैलाच्या हाताखाली शिकायला गेली. मला वाटलं, घरचंच आहे. तिथेच मी चुकले, कारण शैलाच्या त्या गाळ्यात घरचं कोणी नसे. शेवटच्या परीक्षेत सायली दाराशी उभी होती. भोंगा वाजला. तिने खिडकीतून बाहेर बघितलं, दार उघडलं, हाका मारल्या, सगळं बरोबर. आणि मग भांडुपच्याच एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन दारात अडल्या, तर सायलीने काय केलं? त्यांच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली, त्यांच्या कोपराला आधार दिला आणि म्हणाली, "आजी, प्लीज, सावकाश." शैलाने तिला नापास केलं. दुसऱ्या वेळी सायली ओरडली खरी, पण माणूस ढकलायची वेळ आली तेव्हा पुन्हा हात आखडला. शैलाने पुन्हा नापास केलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे तिसरी संधी नव्हती.

ते सांगायला शैला स्वतः घरी आली. चपला काढून दारातच उभी राहिली.

"तिने पिशवी धरली गं, नंदे."

"म्हाताऱ्या बाईला मदत केली तिने."

"तेच म्हणतेय मी."

"मोठ्या माणसांवर ओरडायचं नाही, हे मी शिकवलंय तिला. चूक शिकवलं?"

"घरात बरोबर शिकवलंस," शैला म्हणाली. "मी तिला घरात ठेवणार असते तर पहिली आली असती."

मी तिला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. आयुष्यभर वह्या तपासत आले, नापास करणं मला नवीन नव्हतं. पण आपलं पोर नापास झालं की शिक्षकाच्या अंगातला शिक्षक कुठल्या कुठे पळून जातो. सायली आठवडाभर अंथरुणातून उठली नाही. सायलीचे बाबा मला समजावत राहिले, मी कोणाचं ऐकलं नाही. पुढे बरेच महिने मी शैलाशी एक अक्षर बोलले नाही. एकाच भांडुपमध्ये राहून एकमेकींना टाळणं किती कष्टाचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. ती भाजीवाल्यापाशी दिसली तर मी मेडिकलमध्ये शिरायचे आणि नको असलेल्या गोळ्या घेऊन यायचे. तिला हे कळत होतं आणि मला कळत होतं की तिला कळतंय.

तेवढ्यात काळ बदलला. रोज पेपरात बातम्या, अमक्या कंपनीने इतकी विमानं मागवली, तमक्या कंपनीने त्याहून जास्त. आमच्या घाटकोपर-भांडुपची माणसं गावी जायलासुद्धा विमान बघायला लागली. विमानं मागवता येतात, पैसे टाकले की येतात. त्यात उभी राहायची माणसं कुठून मागवणार? ती घडवायला वेळ लागतो आणि वेळ कोणालाच नव्हता. शैलाच्या केंद्रातही नवीन साहेब आले आणि नवीन गॉगल आले. डोळ्यांवर चढवायचा, की समोर अख्खं विमान, आग, धूर, पळणारी माणसं. एका दिवसात कितीतरी मुलींचा सराव उरकतो. भांडुपच्या बायकांची बस बंद झाली. शैला साहेबांशी भांडली. गॉगलला तिचा विरोध नव्हता, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. "धूर चांगला दाखवतो गं तो. पण त्यातली माणसं ऐकतात. सांगितलं की बॅग सोडतात. अशी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत." तिला सल्लागार केलं. मग सल्ला विचारणं बंद केलं. मग एक दिवस शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं.

आणि त्याच सुमारास सायलीला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली. भराभर शिक्षण, भराभर परीक्षा, पहिल्या फटक्यात पास. मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि एक डबा घेऊन, ताठ मानेने, सायलीला बरोबर घेऊन शैलाकडे गेले. अबोला मोडायचा होता, आणि तो जिंकून मोडायचा होता. शैलाने पेढा घेतला, तोंडात टाकला, सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "दार खरं उघडलंस?"

"हो मावशी. एकदा. रांगेने सगळ्यांनी एकेकदा."

"आणि माणसं?"

"गॉगलमध्ये."

शैलाने पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं. सायलीच बोलली, आणि तिचंही खोटं नव्हतं. "मावशी, तुझ्या गाळ्यात धूर नव्हता. अंधारात दार शोधायला मी गॉगलमध्येच शिकले. तू मला फक्त ओरडायला लावलंस." शैला म्हणाली, "बरोबर आहे तुझं." ते ती मनापासून म्हणाली की पोरीला वाईट वाटू नये म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. पण आमचं बोलणं सुरू झालं. पेढ्याच्या डब्याला एवढं यश पुष्कळ होतं.

सायली उडायला लागली आणि माझं स्वतःचंच काहीतरी बिघडलं. विमान आवाज करत गेलं की वर बघायचे. पूर्वी टीव्हीवर विमानाची बातमी आली की मी चॅनेल बदलायचे, आता बघत बसायचे. एकदा असंच कुठल्याशा विमानतळावरचं मोबाईलवर घेतलेलं चित्रण दाखवत होते. विमानाच्या पंखातून धूर निघतोय, घसरगुंडीवरून माणसं उतरतायत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात बॅग. एकजण चाकांची बॅग घेऊन घसरत आला आणि खाली उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर पडला. पुढे काही दिवसांनी मोठा अपघात झाला, ज्यात दार उघडायची वेळच आली नाही... त्या दिवशी सायली उड्डाणावर होती. तिचा फोन लागेपर्यंत मी घरात काय केलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी मी शैलाच्या घरी गेले. तिने टीव्ही लावला होता पण आवाज बंद ठेवला होता.

मी बसलेही नाही. विचारलं, "शैला, खरं सांग. वेळ आली तर माझी पोर निभावेल?"

मला काय ऐकायचं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्याही मैत्रिणीने म्हटलं असतं, अगं निभावेल, काय काळजी करतेस. शैला म्हणाली, "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"तेव्हाची सायली नव्हती निभावणारी. आताची मी बघितली नाही. न बघता कसं सांगू?" मग म्हणाली, "तिला घेऊन ये. माझ्या घरी. दार आहे, पॅसेज आहे, शेजारी आहेत, अजून काय लागतं? आणि तू प्रवासी हो. मोठी बॅग घेऊन ये आणि सोडू नकोस. आईवर ओरडता आलं तर पोर जगात कोणावरही ओरडेल."

सायली आधी चिडली. "मावशीने दोनदा नापास केलंय मला, अजून हौस फिटली नाही का तिची? मी पास आहे आई. उडतेय मी." चार दिवस तणतणली. मग एका उड्डाणाहून आली ती गप्प होती. विमान अजून धावपट्टीवर धावत असताना एक माणूस उठून वरची बॅग काढत होता, तिने चार वेळा बसा म्हटलं, तो बसला नाही, उलट हसला. हे रोजचंच आहे, तीच म्हणायची. त्या दिवशी मात्र तिने आपणहून विचारलं, "मावशी कधी मोकळी आहे?" तिने रविवारची सुट्टी टाकली. शैलाला कळवलं. शैला फोनवर म्हणाली, "ये म्हणावं. नाश्ता करून ये म्हणावं."

आणि बुधवारी मिलिंदचा फोन आला.

सायलीला परतीचं विमान उतरल्यावर कळलं, ती विमानतळावरून तशीच युनिफॉर्ममध्ये शैलाकडे आली. तशा अनेकजणी आल्या होत्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळ्या रंगांचे युनिफॉर्म, घट्ट बांधलेले केस, आणि रडून ओघळलेलं काजळ. पांढऱ्या साड्यांतल्या वस्तीतल्या बायकांमध्ये त्या मुली मांडी घालून बसल्या, बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. मागे दोघी कुजबुजत होत्या. "मला मॅमनी नापास केलं होतं," एक म्हणाली. "मला पण," दुसरी म्हणाली, आणि दोघींच्या बोलण्यात इतका अभिमान होता की मला उठून जावंसं वाटलं. त्या नंतर पास झाल्या होत्या ना, शैलाच्या हातून पास. माझी मुलगी त्यांच्यात नव्हती आणि आता कधीच असणार नव्हती. मला शैलाचा पुन्हा राग आला. तिने नापास केलं म्हणून आला होता तसाच, तेवढाच. निकाल न देता गेली म्हणून.

शनिवारी सायली म्हणाली, "आई, उद्या जायचंय ना?"

"कुठे?"

"मावशीकडे. मी सुट्टी टाकलीय, ती काही बदलून मिळणार नाही."

शैला एकटीच राहायची. मिलिंदने घराची किल्ली दिली, काही विचारलं नाही. शैलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, बाहेर लांब पॅसेज. आत सगळं आवरलेलं होतं. मला वाटलं आपण दोघी थोडा वेळ बसू, रडू आणि घरी जाऊ. सायलीने चपला काढल्या नाहीत. तिने खुर्च्या एकामागे एक लावल्या, मला मागच्या खुर्चीवर बसवलं, गावी न्यायची आमची मोठी बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मग ती ओरडली, "सामान छोडो! इधर आओ!" आवाज ठीक होता. मी बॅग छातीशी धरून उठले, दाराशी आले आणि अडून उभी राहिले.

"आई, दे ना गं," ती एकदम हळू म्हणाली.

तोच हात, तोच आवाज, तीच माझी गुणी पोर. मी बॅग आणखी घट्ट धरली आणि दारातच पाय रोवून उभी राहिले. तिने बॅगेला हात घातला, मी झटका देऊन सोडवून घेतली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता सोडावं, पुरे झालं, कोणाला दाखवायचंय हे... आणि तेवढ्यात तिने माझ्या हातातून बॅग अशी हिसकली की माझी बोटं सोलवटली. "छोड! निकल बाहर!" असा आवाज मी माझ्या घरात कधी ऐकला नव्हता. तिचा हात माझ्या पाठीत बसला आणि मी पॅसेजमध्ये गुडघ्यांवर पडले.

दारं उघडली. समोरच्या गायकवाडकाकू बाहेर आल्या, शेजारचे दोघं आले. काकू म्हणाल्या, "अगं ए, आईला ढकलतेस? शोभतं का तुला?" सायलीने त्यांना उत्तर दिलं नाही. मला उठवायलाही आली नाही. मी खाली बसल्या बसल्या तिच्याकडे बघत होते, गुडघा चांगलाच ठणकत होता आणि मला विचारायचं होतं, झालं का हे? पास का? पण कोणाला विचारणार? काकू मला हात देत होत्या, मी त्यांना थांबा म्हणाले.

सायली वळून आत गेली. सगळे उतरले की क्रूने एकदा मागे फिरून आत कोणी राहिलंय का ते बघायचं असतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा मला नुसता तिचा आवाज ऐकू येत होता. आधी बाहेरच्या खोलीतून, मग स्वयंपाकघरातून, मग मोरीचं दार उघडल्याचा आवाज, मग पुन्हा, पूर्वीइतकाच मोठा, "कोई है? अंदर कोई है?" शैलाच्या घरात ती प्रत्येक ठिकाणी थांबून विचारत होती आणि विचारून झाल्यावर उत्तर ऐकण्यापुरती गप्प होत होती. मीही कान देऊन बसले होते.